सातव्या लॉर्डचा डबा

"आई गं!"

मी टाचणी हातात धरून तशीच थबकले. माझ्यासमोर एक इंग्रज सरदार उभा होता — निळा मखमली कोट, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, डोक्यावर पावडर मारलेला कुरळ्या केसांचा टोप आणि चेहऱ्यावर चंदेरी मुखवटा. आणि माझी टाचणी कमरेला टोचल्याबरोबर हा सरदार शुद्ध मराठीत कळवळला होता!

"अय्या… तुम्ही मराठी?"

"टाचणी टोचेपर्यंत इंग्रज होतो," मुखवट्याआडून आवाज आला. "सातव्या नंबरचा लॉर्ड. तुम्ही?"

"मी शिंपीण."

"शिंपिणीला नाव असेल ना?"

"लॉर्डला आहे का?"

"सुजीत."

"शुभ्रा," मी म्हटलं आणि खाली मान घालून कोटाची शिवण टाचू लागले. पण मुखवट्याच्या दोन भोकांतून ते डोळे माझ्याकडे बघून हसताहेत, हे मला मान खाली असूनही कळत होतं. कसं, ते विचारू नका…

फेब्रुवारी २००९. दुबईच्या जबल अलीमधलं ते गोदाम सहा महिन्यांपूर्वी इटालियन टाइल्सनी भरलेलं असायचं. मग मंदी आली, बांधकामं थांबली, टाइल्स कुणाला नकोशा झाल्या आणि रिकामं गोदाम एका ब्रिटिश फिल्म कंपनीला स्वस्तात मिळालं. त्यांनी आत प्लास्टरच्या गुहा उभ्या केल्या. सिनेमा अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधला. बडे बडे सरदार मुखवटे घालून एका गुहेत जमतात, त्यांचं एक गुप्त मंडळ असतं, तिथं नाच, दारू आणि नको ते चाळे चालतात, आणि एक शूर तरुण तलवार उपसून त्यांचं बिंग फोडतो — अशी गोष्ट. दारू म्हणून पेल्यांत डाळिंबाचा रस असायचा. आणि नको ते चाळे म्हणजे चाळीस सरदार एकाच वेळी मोठ्यानं हसायचे, एवढंच मी तरी पाहिलं.

चाळीस इंग्रज कुठून आणायचे? पण मुखवटा घातल्यावर कोण कुठला ते कुणाला दिसतंय! शारजातल्या अल मजाजमधला जमाल माणसं पुरवण्याचं काम करायचा. तो फक्त उंची बघायचा. "सहा फूट? यल्ला, चल, उद्या सकाळी सहाला बसमध्ये बस!" त्यामुळे आमच्या गुप्त मंडळात पाच फिलिपिनो, तीन लेबनीज, बरेचसे केरळी आणि एक सुजीत होता.

आणि त्यांचे कोट आमच्याकडे होते. आमच्याकडे म्हणजे दुबईतल्या अल मनखूलच्या हमदुल्लाचाचांच्या शिंप्याच्या दुकानात. चाचा रत्नागिरीचे. तीस वर्षं शाळांचे युनिफॉर्म शिवले. मी पुण्याहून फॅशन डिझायनिंग शिकून आईबाबांकडे दुबईला आले, मोठ्या बुटीकमध्ये नोकरी लागली आणि मंदीत ते बुटीकच बंद पडलं. मग चाचांनी बोलावलं. सिनेमाची ऑर्डर आली तेव्हा मी घाबरले होते. चाचा म्हणाले, "बेटा, लॉर्ड म्हणजे शेवटी काय? युनिफॉर्मच. बटणं जास्त, बस्स."

रोज सकाळी मी दुकानातून तयार कपडे घेऊन जबल अलीला जायची आणि संध्याकाळी फाटके घेऊन परत यायची. कधी दिवसभर दुकानातच थांबून दुरुस्ती. आणि त्या गुरुवारी टाचणी टोचली…

शनिवारी दुपारच्या सुट्टीत सातवा लॉर्ड गुहेमागच्या खोक्यावर बसला होता. मुखवटा बाजूला काढलेला. मी प्रथमच चेहरा पाहिला. फार देखणा म्हणता येणार नाही, पण हसला की डाव्या गालावर एक रेघ उमटायची. गालांवर आमच्या मेकअपवाल्यानं लावलेली लाली, नाकावर पावडर… आणि मांडीवर स्टीलचा डबा!

"या, जेवायला. गवार आहे. दाण्याची चटणी आहे. सांगलीची."

"लॉर्ड गवार खातात?"

"मला विचाराल तर लॉर्ड लोकांना गवार मिळाली असती, तर ते गुहेत गेलेच नसते."

मी हसले. चटणीचा घास घेतला आणि ठसका लागला. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. बोटांना बोटं लागली. दोघांनीही ती लगेच मागे घेतली — जरा जास्तच लगेच.

मग रोजच होऊ लागलं. साडेबारा वाजले की माझं लक्ष सुईवरून उडायचं. "तुम्ही"चं "तू" कधी झालं ते आठवत नाही. तो मला गुहेच्या छताकडे बोट दाखवून सांगायचा, कुठला खांब खरा आणि कुठला पोकळ. इमारतींची इतकी माहिती होती त्याला की एक दिवस मी विचारलंच, "तू खरं काय करतोस रे?"

तो डब्याचं झाकण लावत राहिला. "इंजिनिअर आहे. होतो…"

मग हळूहळू सांगितलं. शारजात अल मजाजला आईबरोबर राहायचा. वडील नाहीत, त्यामुळे आईचा व्हिसाही त्याच्याच नोकरीवर. त्याची कंपनी टॉवर बांधायची. जानेवारीच्या शेवटी एका सकाळी अकरा जणांना बोलावलं, महिन्याच्या नोटिशीचं पत्र दिलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. महिना संपला की व्हिसा रद्द, आणि मग देश सोडायला तीस दिवस.

"आईला?"

"नाही सांगितलं. तिचं ब्लडप्रेशर… म्हणजे, ते एक कारण. खरं सांगू? तोंडच उघडत नाही. रोज टाय बांधून निघतो. बस कोपऱ्यावर येते. टाय बॅगेत ठेवतो आणि लॉर्ड होतो." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू कुणाला बोलणार नाहीस ना?"

"नाही."

"शप्पथ?"

"शप्पथ," मी म्हटलं. त्या क्षणी त्यानं काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, ही गोष्ट वेगळी.

चार दिवसांनी मी दुकानात एका कोटाची बाही जोडत होते. दार ढकलून एक बाई आत आल्या. सुती साडी, पायात वॉकिंगचे बूट, हातात छत्री. चेहरा उन्हानं लाल झालेला. त्यांनी पर्समधून चुरगळलेली चिठ्ठी काढली.

"हमदुल्ला टेलर्स हेच ना? इथं शुभ्रा कोण?"

ती चिठ्ठी मी ओळखली. मापं टिपून मीच ती कोटाला टाचली होती. लॉर्ड नंबर सात, छाती चाळीस, कंबर चौतीस, आणि खाली दुकानाचं आणि माझं नाव.

"मी… मी शुभ्रा."

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली. तिथं ओळीनं मखमली कोट लटकत होते आणि खुंट्यांवर सात-आठ मुखवटे. त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"म्हणजे खरंच आहे तर," त्या पुटपुटल्या. "हे बघ मुली, मी सुजीतची आई. तीन आठवडे बघतेय. ऑफिसातून येतो तर कॉलरला लाली. केसांत पावडर. एकदा कानामागे चमकी. काल पँटच्या खिशात ही चिठ्ठी — लॉर्ड नंबर सात! शेजारच्या ताजबी म्हणाल्या, या शहरात असले क्लब असतात, बड्या लोकांचे, तोंड झाकून जातात… माझा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. खरं सांग, कुठल्या मंडळात गेलाय माझा मुलगा?"

मला हसू आवरेना आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघून हसताही येईना. चाचांनी गुपचूप चहा पुढे केला. मी त्यांचा हात हातात घेतला.

"काकू, सिनेमा आहे हो! तो सिनेमात काम करतो. हे सगळे सिनेमाचे कपडे."

"सिनेमा?"

"इंग्रजी. ऐतिहासिक. चाळीस जण मुखवटे घालून उभे राहतात, त्यातला एक. ती लाली मेकअपची. आणि पेल्यात डाळिंबाचा रस असतो… देवाशपथ."

त्यांनी मोठा श्वास सोडला. चहाचा घोट घेतला. मग कप अर्ध्यावर थांबला.

"दिवसभर सिनेमा करतो… मग ऑफिसला कधी जातो?"

बाहेरून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. चाचा एकदम कात्रीला धार आहे का ते तपासू लागले.

"ते… ते त्यानंच सांगायला हवं, काकू."

"नोकरी गेली ना त्याची?"

मी मान वर केली नाही. तेवढंच त्यांना पुरलं. मला वाटलं, आता रडतील, चक्कर येईल. मी पाण्याचा ग्लास हातात तयार ठेवला. आणि काकू… हसायलाच लागल्या! पदर तोंडाला लावून, खांदे हलवत.

"नोकरीच गेली होय? अगं, मला वाटलं मुलगा गेला!"

मग डोळे पुसून उरलेला चहा संपवला. निघताना माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. त्याच्या मनाची तयारी होईल तेव्हा तो सांगेल. उगाच उघडा पडल्यासारखं वाटायला नको. शप्पथ घे."

"पण काकू, मी आधीच एक…"

"घे म्हणते ना!"

घेतली. काय करणार? त्या गेल्यावर चाचा म्हणाले, "बेटा, आता तुझंच गुप्त मंडळ झालं."

दुसऱ्या दिवसापासून डबा मोठा झाला. चार कप्प्यांचा. थालीपीठ, भरली वांगी, वर शेंगदाण्याचे लाडू.

"आईला काय झालंय कळत नाही," सुजीत डोकं खाजवत म्हणाला. टोप वाकडा झाला. "म्हणते, ऑफिसात काम जास्त आहे, नीट खा. आणि हे बघ… चमचे दोन! दोन चमचे कशाला?"

"एखादा पडला तर," मी वांग्याकडे बघत म्हटलं.

"तू अशी लाल का झालीस?"

"चटणी तिखट आहे."

"आज चटणी नाहीये, शुभ्रा…"

असे ते दिवस. गुहेत दिग्दर्शक ओरडायचा, चाळीस सरदार हसायचे, आणि त्या चाळिसांमधून माझा एक मला बरोबर ओळखू यायचा. तो शॉट संपला की मुखवटा कपाळावर चढवायचा आणि पहिली नजर माझ्या कोपऱ्याकडे टाकायचा. पण घरी गेल्यावर मला खूप अपराधी वाटे. काकूंचा दर दोन दिवसांनी फोन यायचा — "खाल्लं का त्यानं?" — आणि दुसऱ्या दिवशी सुजीत सांगायचा, "बिचाऱ्या आईला काहीच माहीत नाही."

शूटिंगचा शेवटचा दिवस आला. बाहेर सकाळपासून आभाळ भरलं होतं. दुपारी जबल अलीच्या त्या पत्र्याच्या छतावर पाऊस वाजू लागला. इथला पाऊस म्हणजे पाहुण्यासारखा. सगळे काम सोडून दारात जाऊन उभे राहिले. आम्ही दोघं मागे.

"शुभ्रा, एक मदत करशील?" तो म्हणाला. "नोटीस संपली. जूनपर्यंत काही मिळेल असं वाटत नाही. आईला सांगतो, कंपनी सहा महिने पुण्याला पाठवतेय, ट्रेनिंगला. तू ऑफिसमधली कलीग म्हणून तिला एक फोन कर. तुझा आवाज तिनं ऐकलेला नाही, तिला खरं वाटेल."

"नाही जमणार मला."

"एकच फोन…"

"सुजीत, काकूंना माहितीये."

पाऊस एकदम मोठा झाला. की मलाच तसं वाटलं?

"काय माहितीये?"

"सगळं. नोकरी. सिनेमा. त्या दुकानात आल्या होत्या, तुझ्या खिशातली चिठ्ठी घेऊन. मी सांगितलं नाही, त्यांनी ओळखलं. पण सांगू नकोस म्हणाल्या…"

"किती दिवस झाले?"

"अठरा."

त्यानं टोप आणि कोट काढून खोक्यावर ठेवले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "अठरा दिवस मी आरशासमोर टाय बांधतोय. आई दारात उभी राहून 'ताण घेऊ नकोस रे ऑफिसात' म्हणतेय. आणि तुम्हा दोघींना माहीत होतं. मी डब्यातले दोन चमचे बघून विचार करत बसलो… मजा वाटत असेल नाही?"

"मजा? सुजीत, मी…"

तो ऐकायला थांबला नाही. तसाच बसकडे गेला — वर स्वतःचा शर्ट, खाली सरदाराचे पांढरे मोजे, आणि डोक्यावर पाऊस.

दोन दिवस फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी वाजला, पण काकूंचा.

"बोलला गं बाई," त्या म्हणाल्या. "परवा भिजून आला, टेबलाशी बसला आणि सगळं बोलला. लहान असताना रडायचा तसा रडला. मी म्हटलं, अरे, सांगलीला आपलं घर आहे, इथं राहिलो तर इथं. मला तू घरात हवास, एवढंच. मग झोपला तो नऊ तास! महिनाभरात पहिल्यांदा नीट झोपला."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "आणि… माझ्याबद्दल?"

"तुझ्यावर रुसलाय."

"खूप?"

"खूप. पण काळजी नको करूस. परक्या माणसावर कोणी रुसत नाही."

सोमवारी मी दुकानात शाळेचे शर्ट बेतत होते. सिनेमाचे कोट खोक्यांत भरून एव्हाना लंडनला गेले होते. दार उघडलं. तो होता. काखेत एक काळी पँट.

"चाचा, ही कमरेत सैल झालीय. बुधवारी इंटरव्ह्यू आहे अबूधाबीला."

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "माझी नजर खराब झालीय. शुभ्रा, माप घे." आणि नमाजाला अजून अर्धा तास असताना ते नमाजाला निघून गेले.

मी टेप घेतली. कमरेभोवती फिरवली. टेपची दोन टोकं जुळवून आकडा वाचला.

"बत्तीस," मी म्हटलं. "दोन इंच गेलास."

"तीन दिवस डबा नव्हता."

"डबा होता. खाणारा रुसला होता."

तो किंचित हसला. ती डाव्या गालावरची रेघ… मग गंभीर झाला. "शुभ्रा, मला वाटलं तुला माझी कीव येत होती. टाय बांधणारा बेकार माणूस. आईच्या सांगण्यावरून त्याला सांभाळून घेतेयस…"

"कीव?" आता मात्र मला राग आला. टेप टेबलावर आपटली. "ज्याची कीव येते त्याच्यासाठी कोणी साडेबारा वाजायची वाट बघत नाही! दोन शपथा घेतल्या मी. दोघांशीही खोटं बोलायचं नाही म्हणून दोघांसमोर तोंड शिवून बसले. अठरा दिवस घशाखाली घास उतरत नव्हता. तुझ्या आईची वांगी असूनसुद्धा! आणि तू म्हणतोस कीव…"

"मग काय?"

"काय म्हणजे?"

"कीव नाही… मग काय?"

तो वाट बघत उभा होता. घाई न करता.

"तुला माहितीये," मी शेवटी म्हटलं, अगदी हळू.

"माहितीये. पण सध्या आमच्या घरी नियम झालाय. सगळं तोंडानं सांगायचं."

"मग आधी तू सांग."

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. सरळ, न अडखळता. "पहिल्या टाचणीपासून. नोकरी नाही, पुढच्या महिन्यात कुठल्या देशात असेन माहीत नाही. तरी आवडतेस. बोलायचं नव्हतं असल्या वेळी, पण न बोलण्याचा आता कंटाळा आलाय."

"मलाही," मी म्हटलं. आणि पँट उचलून मशीनवर बसले. ती कमर मी दोनदा उसवली आणि तीनदा शिवली. तो समोरच्या स्टुलावर बसून बघत होता. एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही त्यानं.

बुधवारी तो सकाळच्या बसनं अबूधाबीला गेला. दुपारी फोन आला: इंटरव्ह्यू बरा झाला, मॅनेजर म्हणाला इन्शाल्ला. मी बाबांना विचारलं, "इन्शाल्ला म्हणजे हो की नाही?" बाबा वीस वर्षं इथं. म्हणाले, "ते देवालाच माहीत, म्हणून तर तसं म्हणतात." मग पेपर खाली ठेवून म्हणाले, "पण कुणाचा इंटरव्ह्यू?" त्या रात्री जेवताना मी सगळं सांगितलं. आई आधी चिडली, मग काकूंच्या क्लबच्या संशयाची गोष्ट ऐकून इतकी हसली की चिडायचं राहूनच गेलं. बाबा एवढंच म्हणाले, "मुलगा परत गेला तर तू काय करशील?" मी म्हटलं, "शिंप्याला सांगलीतही काम असतं, बाबा." त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाच ठाऊक.

आठवडा गेला. मग दुसरा. काकूंनी सामान बांधायला सुरुवात केली, भांडी शेजारच्या ताजबींना देऊन टाकली. गुरुवारी दुपारी माझा मोबाईल वाजला. दुकानात मशीनचा आवाज, म्हणून मी फुटपाथवर आले.

"शुभ्रा… मी अबूधाबीतून बोलतोय. त्यांनी बोलावलं होतं."

"काय म्हणाले?"

"पगार कमी आहे. मुसाफ्फाला साइट आहे, धुळीत. राहायला दोन खोल्या…"

"सुजीत! झालं का?"

"झालं."

"नक्की? की इन्शाल्ला?"

"नक्की. लेटर हातात आहे. सही करून बाहेर आलो. आईला सांगितलं, ती ताजबींकडे भांडी परत मागायला गेलीय." त्याचा आवाज जरा कापला. "आणि ऐक ना… दोन खोल्या म्हणजे तशा तीन माणसांना पुरतात. म्हणजे, तुझे बाबा काय म्हणतील माहीत नाही, मी येऊन रीतसर विचारीनच, पण आधी तुला… शुभ्रा, लग्न करशील माझ्याशी?"

"हो," मी म्हटलं.

नेमका तेव्हाच सिग्नल सुटला. गाड्या धडधडत गेल्या. एक बस, त्यामागे पाण्याचा टँकर.

"हॅलो? शुभ्रा? काय म्हणालीस?"

"हो म्हटलं!"

"ऐकू येत नाहीये गं… नाही म्हणालीस का?"

दुकानाच्या दारात हमदुल्लाचाचा टेप गळ्यात घालून उभे होते. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बेटा, मोठ्यानं! त्याचा जीव जाईल तिकडे!"

"हो!" मी ओरडले. अल मनखूलच्या त्या रस्त्यावर समोरचा किराणावाला बाहेर आला, वरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघू लागली. "हो, हो, हो! करीन लग्न!"

मग कानात एक लांबलचक श्वास सोडल्याचा आवाज आला. महिनोन्‌महिने कोंडून ठेवलेला असावा असा. आणि मग तो हसू लागला. मीही हसू लागले, भर उन्हात, फुटपाथवर. आणि कितीतरी वेळ दोघांनाही फोन ठेवायचं सुचलंच नाही.